माओरी शिकायला घरात कोणता खेळ आणावा: दुकानातला, कोळशाने आखलेला की फोनमधला?

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नव्याने आलेल्या मराठी घरात हा प्रश्न शाळा सुरू झाली की आलाच. पोरगं तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत 'किआ ओरा' (नमस्कार) म्हणत दारातून आत येतं, तहि, रुआ, तोरु, फा असं मोजून दाखवतं आणि आईबाबा एकमेकांकडे बघत बसतात. मग कुणीतरी सुचवतं, एखादा बोर्डगेम आणू या. जरूर आणा. फक्त खेळायला कोण बसणार आहे, ते आधी ठरवा.

दुकानातल्या छापील खेळांचा साचा साधारण एकच असतो. फासा टाका, सोंगटी सरकवा, पत्ता उचला, शब्द ओळखा. रंग, प्राणी, नाती हे शब्द त्यातून भराभर येतात. 'वहिने' म्हणजे स्त्री हे कळल्यावर आमच्याकडे आठवडाभर 'वहिनी'वरून चेष्टा चालली, पण शब्द पक्का झाला. संस्कृतीचा भागही अशा खेळांत चांगला जमतो. मातारिकीचा पत्ता निघाला तर मुलांना सांगा, ह्या आपल्याच कृत्तिका. तिथे त्या ऐन हिवाळ्यात पहाटे पुन्हा दिसू लागल्या की नवं वर्ष धरतात, आणि 2022 पासून त्यानिमित्त देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

घेण्याआधी मात्र पत्ते उघडून बघा. माओरी रोमन लिपीत लिहितात; तिथल्या स्वरांवर आडव्या रेघा नसतील तर खेळ परत ठेवा. ती रेघ म्हणजे दीर्घ स्वर. 'केके' म्हणजे केक; तेच दोन्ही 'के' लांबवले की काख! 'मतुआ' म्हणजे वडील, 'मातुआ' म्हणजे आईवडील. आम्ही पहिल्यांदा घेतलेल्या खेळात एकही रेघ नव्हती, आणि मुलांना लागलेलं चुकीचं वळण मोडताना नाकीनऊ आले. खेळ माओरी माणसांनी केलाय का, हेही बघावं. डोकं त्यांच्यात 'तपु', म्हणजे पवित्र. जेवणाच्या टेबलावर चढून बसणं गैर. अशा गोष्टी कोड्यासारख्या विचारायच्या की सांगायच्या, हे बाहेरच्याला चटकन उमगत नाही.

छापील खेळाची खरी अडचण वेगळीच आहे. 'कुरी' म्हणजे कुत्रा हे येतं, पण कुत्र्याविषयी एक वाक्य येत नाही.

म्हणून माझा कल 'मू तोरेरे'कडे. हा माओरींचा जुना पटावरचा खेळ, विशेषतः पूर्व किनाऱ्यावरच्या न्गाती पोरोउ लोकांत खेळला जाणारा. आठ टोकांची चांदणी, मध्ये 'पूतहि' नावाचं केंद्र, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. कोळशाने फरशीवर आखा, चिंचोके आणि बटणं घ्या, झालं. सोंगटी शेजारच्या रिकाम्या टोकावर किंवा केंद्रात जाते, केंद्रातून कुठल्याही रिकाम्या टोकावर येते. ज्याला हलायला जागा उरत नाही तो हरला. एक अट महत्त्वाची: शेजारच्या टोकावर प्रतिस्पर्ध्याची सोंगटी असेल तरच आपली केंद्रात न्यायची. ही अट काढली तर पहिला खेळाडू पहिल्याच चालीत समोरच्याला कोंडतो. का, ते मुलांना शोधू द्या. आणि दोघंही चुकले नाहीत तर डाव संपतच नाही, तेव्हा झोपायची वेळ आधीच ठरवा.

यात पत्ते नाहीत, शब्दही छापलेले नाहीत. पण पटावर बसल्यावर फक्त माओरीतच बोलायचं असा नियम केला की 'केइ आ कोए' (तुझी पाळी), 'ताइहोआ' (थांब जरा), 'का पाइ' (छान) तोंडात बसतात. दोन-दोनच्या जोड्या केल्या तर आणखी मजा. समोरच्याला धरून 'आपण' म्हणजे 'तातोउ', समोरच्याला वगळून 'आम्ही' म्हणजे 'मातोउ'. इंग्रजी बोलणाऱ्याला जे समजावून सांगावं लागतं, ते आपल्या मुलांकडे जन्मजात असतं. दोघांपुरते शब्द मात्र निराळे: 'ताउआ' म्हणजे तू आणि मी, 'माउआ' म्हणजे मी आणि तो किंवा ती. संस्कृतातलं द्विवचन शाळेत रडतखडत केलेल्यांनी इथे सूड उगवून घ्यावा.

फोनबद्दल थोडक्यात. शब्द शिकवणारी ॲप एकट्याने बसायची, त्याला कुटुंबाचा खेळ म्हणवत नाही. पण 'ते आका' हा फुकट ऑनलाइन शब्दकोश पटाशेजारी उघडा ठेवा, त्यात उच्चार ऐकता येतो. शब्दाच्या सुरुवातीचा 'ङ' (वर 'न्ग' लिहिलाय तो) कानानेच शिकावा लागतो. दक्षिण बेटावर बऱ्याच ठिकाणी त्याचा 'क' होतो, म्हणून न्गाइ ताहू लोक स्वतःला काइ ताहूही म्हणतात. पत्त्यावर वेगळं दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

तर, मूल नुकतं वाचायला लागलं असेल तर रेघा असलेला छापील खेळ घ्या. घरात वाचणारं मूल आणि कंटाळलेला मोठा भाऊ दोघं असतील तर मू तोरेरे. आणि गावाकडून आजी आली असेल तर डोळे झाकून मू तोरेरेच. देवळाच्या ओट्यावर कोरलेल्या पटावर नवकंकरी खेळलेली बाई चांदणी बघून नियम विचारत नाही, सरळ विचारते, 'माझ्या सोंगट्या कुठल्या?'