गमबूट कायटन की काळा कायटन? आधी पाठ बघा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन-वॉशिंग्टनकडे राहणारे आपले लोक उन्हाळ्यात समुद्रावर गेले की खडकावरच्या कुठल्यातरी चामड्यासारख्या गोळ्याचा फोटो पाठवतात आणि विचारतात, हे काय आहे. बहुतेक वेळा तो गमबूट कायटन किंवा काळा कायटन, या दोघांपैकीच एक असतो. दोघेही शंख-शिंपल्यांचेच भाऊबंद, म्हणजे मृदुकाय, आणि दोघांनाही कवचाच्या आठच तबकड्या, पण त्या दिसतात का यावरच सगळा खेळ आहे.

गमबूट, म्हणजे क्रिप्टोकायटन स्टेलेरी, जगातला सगळ्यात मोठा कायटन, 30 सेंटीमीटरच्या पुढे जातो, वजन दोन किलोच्या आसपास. याच्या आठही तबकड्या कातडीखाली पूर्ण झाकलेल्या, त्यामुळे वरून बघितलं तर विटकरी रंगाची, हाताला खरखरीत लागणारी भाकरीची कणीक पडलीये असं वाटतं. काळा कायटन, म्हणजे कॅथरीना ट्युनिकाटा, मात्र काळा कुळकुळीत, साधारण तळहाताएवढी, आणि पाठीवर मधोमध तबकड्यांचे शंकरपाळ्यासारखे आठ तुकडे उघडे दिसतात. फोटो अंधुक असला तरी एवढं कळतं. आकारावर जाऊ नका, छोटा गमबूटही असतोच.

वर्गीकरणात बहुतेक याद्या गमबूटला अकँथोकायटोनिडी कुळात टाकतात आणि काळ्याला मोपॅलिइडीत, गण मात्र एकच, कायटोनिडा. कुळांची नावं पाठ करायची काही गरज नाही असं माझं मत.

आता बघायला कोणता निवडायचा? लहान मुलं सोबत असतील आणि हातात तास-दोन तास असतील तर सरळ काळा. तो लाटा आपटतात त्या खडकांवर भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात असतो, बाकी कायटन उन्हात सांदीत लपतात तसा हा लपत नाही, आणि पकड इतकी घट्ट की ओढायच्या भानगडीत पडूच नका. अलास्कातले मूळ रहिवासी त्याला बिडार्की म्हणतात आणि आवडीने खातात. गमबूटसाठी मात्र वर्षातल्या मोठ्या ओहोटीची वेळ गाठावी लागते, म्हणजे पहाटे उठणं आलं. त्याची पकड तशी ढिली, वादळानंतर कधीकधी वाळूवरच येऊन पडतो.

आणि नाहीच दिसला तर वाळूत पांढऱ्या, फुलपाखरासारख्या तबकड्या शोधा, त्या त्याच्याच असतात.