ज्या गाडीत तेलच नसतं, तिच्या तेलाचे मी पैसे भरले

अकरावी-बारावीला मी फिजिक्स शिकवतो. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स फळ्यावर लिहिता लिहिता वीसेक वर्षं गेली. तरी बॅटरीच्या एका सैल टर्मिनलपायी मी 13,400 रुपये मोजून आलो. लाज वाटते, पण सांगतो. त्या रस्त्यानं जाणारे आपल्यापैकी बरेच आहेत.

मे महिना होता. भाचीच्या साखरपुड्याला अंबाजोगाईहून गेवराईला निघालो होतो. मी, बायको, मागे आई आणि धाकटी. गाडी 2016 ची, छोटी, पेट्रोलवरची. बाहेर आग ओतल्यासारखं ऊन, त्यामुळं एसी फुल. केज, नेकनूर, मांजरसुंबा नीट पार पडलं. बीडच्या अलीकडं एक स्पीडब्रेकर दिसलाच नाही, गाडी धाडकन आदळली आणि समोर मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. स्टेअरिंगच्या चाकाचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. पुढच्या वळणावर स्टेअरिंग इतकं जड लागलं की खांदा भरून आला.

रस्त्याला लागूनच एक गॅरेज होतं. मेकॅनिकनं बोनेट उघडलं, आत हात घातला आणि काळं बोट माझ्यासमोर धरलं.

"पॉवर स्टेअरिंगचं तेल पार गळालंय साहेब. असंच नेलं तर पुढं वळणावर स्टेअरिंग जाम होतंय. लेकरंबाळं हायेत गाडीत, बघा बुवा."

बायकोनं विचारलं, "तेलाची डबी कुठंय?"

"ते आत असतंय ताई. गाडी खड्ड्यावर घ्यावी लागती. तुम्ही तिकडं रसवंतीत बसा, सावली हाय."

बसलो. रस पिऊन अर्ध्या तासानं आलो तर दिवा गेलेला आणि स्टेअरिंग लोण्यासारखं हलकं. दोन रिकाम्या बाटल्या त्यानं हातात दिल्या, पुरावा म्हणून. तेल 1,800, सील किट 2,700, मजुरी 900. एकूण 5,400, वहीच्या फाटक्या पानावर. मुहूर्त गाठायचा होता, फोनवरून पैसे टाकले आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी परत येताना पुन्हा तोच दिवा. पुन्हा त्याच्याकडंच गेलो, कारण आता तो 'आपला' मेकॅनिक झाला होता! तेल टाकूनही दिवा लागतो म्हणजे पंपच गेला, म्हणाला. पंप पुण्याहून मागवावा लागेल, 22,000 चा, त्यातले 8,000 आधी. "तोवर हळूहळू न्या घरी, फोन करतो." काल तेल नव्हतं तर वळणावर जाम होणारं स्टेअरिंग, आज पंप गेल्यावर लेकराबाळांसकट घरी न्यायला चालत होतं. हे माझ्या डोक्यात आलं ते केज ओलांडल्यावर. तोवर 8,000 गेले होते, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर.

चार दिवस त्याचा फोन नाही. मग आमच्या गावातल्या वायरिंगवाल्या मामांकडं गाडी नेली. सगळी हकिकत त्यांनी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "सर, तेल ओतलं कुठं म्हणे त्यानं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मामांनी बोनेट उघडून एकेक डबी दाखवली. ही ब्रेक ऑइलची, ही कूलंटची, ही वायपरच्या पाण्याची. पॉवर स्टेअरिंगची डबी नाहीच, कारण या गाडीचं पॉवर स्टेअरिंग विजेवर चालतं. तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. स्टेअरिंगला जोडलेली एक मोटर आणि तिचा कॉम्प्युटर. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हेच असतं. ही मोटर करंट भरपूर खाते. व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर तिची मदत बंद करतो आणि दिवा लावतो.

मग त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह तार दोन बोटांनी हलवली. ती चक्क फिरली. टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार साचलेला. क्लॅम्प काढून गरम पाण्यानं धुतला, पॉलिश पेपर मारला, दहाच्या पान्यानं आवळला. मीटर लावला, गाडी चालू करून एसी, हेडलाइट सगळं लावलं: 14.1 व्होल्ट. म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक. 100 रुपये घेतले, तेही मी बळंच दिले. मेकॅनिकनं मग काय केलं असेल? नुसती गाडी बंद करून पुन्हा चालू केली असेल. व्होल्टेज क्षणभर पडून लागलेला दिवा बऱ्याचदा तेवढ्यानंच जातो.

मामांकडून कळलेलं सांगतो, कारण मी घाबरलो ते याच अज्ञानापायी. चावी फिरवल्यावर हा दिवा लागतो आणि इंजिन चालू झालं की जातो, ते ठीकच. चालताना लागला तर फक्त मदत बंद होते. चाकांचा आणि स्टेअरिंगचा लोखंडी जोड तसाच असतो, ताकद लावली की गाडी वळते. स्पीड कमी असताना जास्त जड लागतं. इंडिकेटर देऊन कडेला घ्यायची, पण गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढायची नाही. चावी काढल्यावर मात्र स्टेअरिंग खरंच लॉक होतं. थांबल्यावर इंजिन बंद करायचं, टर्मिनल हलवून बघायचं आणि दोन मिनिटांनी चालू करायचं. सोबत बॅटरीचा लाल दिवाही असेल तर चार्जिंगचा घोळ. आणि तरीही दिवा जात नसेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर लावायला सांगायचं आणि त्यावर आलेल्या बिघाडाच्या कोडचा फोटो घ्यायचा. जुन्या गाड्यांत तेलाचं पॉवर स्टेअरिंग असतं, तिथं तेल गळू शकतं, पंप घूं घूं ओरडतो. आपली गाडी कुठली हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. माझं मॅन्युअल डिकीत, प्लास्टिकच्या पिशवीतूनसुद्धा न काढलेलं.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन केला. तिकडून पहिला प्रश्न आला: बिलावर दुकानाचं नाव काय? वहीच्या पानावर नाव कुठलं!

शेवटी मावसभावाला घेऊन गॅरेजवर गेलो. बोनेट उघडून म्हणालो, "तेल ओतलं ती डबी दाखव." त्यानं जराही न अडखळता वायपरच्या पाण्याच्या डबीवर हात ठेवला. मावसभावानं झाकण उघडलं, आत शाम्पूचं पाणी. मग पंप मागवलाच नव्हता हे त्यानं कबूल केलं आणि 5,000 परत दिले. उरलेले पुढच्या सोमवारी देतो म्हणाला. तो सोमवार अजून यायचाय.