वस्तरा जर्मनीचा, धार आपापली

सोलिंगेनचा वस्तरा. कार्बन स्टील, ५/८ इंच रुंद पातं, गोल टोक, काळ्या प्लास्टिकची मूठ. कस्टम ड्युटी धरून पंधरा हजारांच्या घरात पडला. सोबत विक्रेत्याने ‘कॉम्बो’ म्हणून धार परजायचा चामड्याचा पट्टा गळ्यात मारला. वस्तऱ्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पट्ट्याला एक, तोही त्याची कडी मजबूत आहे म्हणून.

पुढची किरकिर कुठून येते ते कळावं म्हणून सांगतो: मी नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत टूल रूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं बनवतात-दुरुस्त करतात तिथे, आहे. ड्रिल, रीमर, लेथचे टूल, पंचच्या कडा, दिवसभर धारच लावत असतो. लोक वस्तऱ्याच्या रिव्ह्यूत मुठीचा रंग आणि पेटीतली मखमल पाहतात, मी खोका उघडल्याबरोबर जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. बायको म्हणाली, “दाढी कराले आणला का मोजाले?”

मोजलं ते सांगतो. पाठीची जाडी ४.६ मिलिमीटर, पाठीपासून धारेपर्यंत १६. म्हणजे धारेचा कोन साधारण साडेसोळा अंश. घरातली भाजीची सुरी तीस-चाळीस अंशांची असते, त्यावरून अंदाज घ्या. पण या वस्तूतली खरी हुशारी कोनात नाही, तो कोन धरण्यात आहे. तो आपण हाताने धरायचाच नाही. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि कोन आपसूक बसतो. आमच्याकडे एवढ्यासाठी जिग, म्हणजे कोन पक्का धरून ठेवणारा साचा, बनवावं लागतं, इथे जिग पात्यातच घडवलंय. वर्षानुवर्षं घासून पातं अरुंद झालं तर पाठही सोबत झिजते, कोन जवळपास तोच राहतो. ज्या कोण्या कारागिराला हे पहिल्यांदा सुचलं असेल त्याला आपला नमस्कार. पाठ झिजू नये म्हणून काही जण तिच्यावर इलेक्ट्रिकची टेप चिकटवतात. एका थराने कोन अंशभर वाढतो. मी चिकटवत नाही, पाठ झिजायलाच आहे.

पातं दोन्ही अंगांनी चाकावर खोलगट घासलेलं आहे. धारेजवळ ते इतकं पातळ होतं की अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवलं तर कड किंचित वाकलेली दिसते आणि उचलली की सरळ होते. पोलाद असून वाकतं, कडक असून तुटत नाही, हे पोलाद तापवून त्याला पाणी देणाऱ्याचं काम आहे. पाठ सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट घासलेल्या लादीवर, ठेवून पाहिली, सरळ आहे. मिटताना पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसतं. स्वस्त मालात नेमकं इथेच रडगाणं असतं.

आणि सोलिंगेन ही कंपनी नाही, शहर आहे. ते नाव १९३८ पासून जर्मनीत कायद्याने राखलेलं आहे. बनवण्याची मुख्य कामं त्या भागात झाली असतील तरच ते पात्यावर कोरता येतं. ऑनलाइन ‘जर्मन स्टाइल’ म्हणून हजार-दीड हजारात जे येतं ते वेगळं प्रकरण.

मग अर्धा मार्क कुठे गेला? धारेत. वस्तऱ्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘शेव्ह रेडी’, म्हणजे थेट दाढीला तयार, असं लिहिलेलं होतं. भिंगाखाली पाहिलं तर टाचेकडे, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, बेव्हल (धारेचा घासलेला उतार) कडेला टेकलेलाच नव्हता. हातावरचे केस कापले जातात, कागद कापला जातो, पण दाढी ही वेगळी परीक्षा आहे. डोक्याचा एक केस उपटून तो सुटा लोंबता धारेवर सोडला की अलगद दोन तुकडे व्हायला पाहिजेत. माझा केस आरामात घसरत खाली गेला. त्यामुळे १००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर बेव्हल बसवला, मग ४०००, ८००० आणि शेवटी १२०००. हाताने एवढंच लक्षात ठेवायचं, दगडावर जोर द्यायचा नाही, पात्याचं वजन पुरे. ज्याच्याकडे दगड नाहीत त्याने हे पैसे आधीच हिशेबात धरावेत. चांगले दगड जमवता जमवता वस्तऱ्याच्या किमतीला टेकतात, आणि ही गोष्ट एकाही विक्रेत्याच्या पानावर दिसत नाही.

आता शिकण्याचं. व्हिडिओ भरपूर आहेत, पण मला शिकवलं ते नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या सलूनवाल्या काकांनी. सत्तरी ओलांडली आहे. आता तेही बाकी सगळ्यांसारखं ब्लेड मधोमध मोडून अर्धं पातं होल्डरमध्ये घालतात, गिऱ्हाईक बदललं की नवं. ते बरोबरच आहे, एकाचा वस्तरा दुसऱ्याच्या गालाला लागूच नये. पण तरुणपणी त्यांचा हात अख्ख्या वस्तऱ्यावर बसलेला. मी पेटी नेऊन दाखवली तर त्यांनी मूठ पाहिलीच नाही, पातं खिडकीकडे धरलं आणि म्हणाले, “धार तं लावली तुमी, भाऊ. आता हात लावा.”

हात लावायचा म्हणजे उजव्या हातात वस्तरा असेल तर सगळं काम डाव्या हाताचं. कातडं ताणायचं. कानापाशी वर ओढून धरायचं, जबड्याकडे आलं की खाली. काका दर दोन मिनिटांनी तेच बोलत, “ताणा, ताणा. वस्तऱ्याले काम करू द्या, तुमी ताणा फक्त.” पातं गालाशी साधारण तीस अंशांत ठेवायचं. मापायची सोपी खूण अशी की, पाठ कातड्यापासून तिच्या जाडीच्या दुपटीइतकी वर. त्याहून उभं केलं तर कापतं, त्याहून आडवं केलं तर केस उपटतं. आणि वस्तरा कधीच धारेच्या रेषेत सरकवायचा नाही. सरळ खाली आणला तर दाढी, आडवा सरकला तर कांदा.

सुरुवात फक्त गालांची. गाल सपाट आहेत, तिथे हाताला कोन कळतो. हनुवटी, ओठाची वरची पट्टी आणि गळ्याची घाटी बराच काळ साध्या रेझरलाच ठेवली होती आणि अजूनही सकाळची बस पकडायची असेल तेव्हा तसंच करतो. डाव्या गालाला डावा हात वापरावा असं पुस्तकी लोक सांगतात. काकांनी आयुष्यभर एकाच हाताने केली, पण ते दुसऱ्याची दाढी करत होते. स्वतःची करताना उजवा हात नाकासमोरून आडवा जातो आणि आरसाच दिसत नाही, म्हणून डावा हात शिकावाच लागतो. केसांच्या दिशेनेच चालवा. उलटी दाढी करायची हौस वर्षभर बाजूला ठेवली तर काही बिघडत नाही.

साबण-ब्रशबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फेस दाट हवा आणि ओला हवा, ट्यूब कुठलीही चालते. नंतर तुरटी, किराणा दुकानात मिळते ती. परदेशी ‘अ‍ॅलम ब्लॉक’ म्हणून जे विकतात तेही तेच.

दाढी भिजवण्यात मात्र कंजुषी नको, त्याचं कारण धातूतच आहे. २०२० साली एमआयटीच्या लोकांचा एक अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. केस पोलादापेक्षा पन्नास पट मऊ, तरी दाढीची ब्लेड खराब का होते, हा प्रश्न. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली तर धार नुसती गोल होत नव्हती, तिचे कपचे उडत होते. केस वाकून तिरका लागला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली की कपचा गेला. टूल रूममध्ये कार्बाइडच्या कडा अशाच जातात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण त्यावरून पट्ट्याची हद्द समजते. वाकलेली कड पट्टा सरळ करतो, उडालेला कपचा भरून आणत नाही. तो दिवस आला की परत १२००० चा दगड.

आता तो पट्टा. सोबत आलेला पातळ आहे, मधे खोलगट झोल पडतो आणि एका बाजूला कडेने चामडं उचललंय. झोल पडला की पातं त्यात बुडतं आणि कष्टाने आणलेली धार तिथेच गोल होते. पट्टा वस्तऱ्याइतकाच महत्त्वाचा, पण विकणारे त्याला फुकटातली भेटवस्तू समजतात. मी नंतर तीन इंच रुंदीचा वेगळा घेतला, मागे जाड सुती कापड असलेला. दाढीच्या आधी कापडावर वीस-पंचवीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नासेक. दगडावर धार पुढे चालते, पट्ट्यावर पाठ पुढे. टोकाला पोचलं की पातं धारेवरून नाही, पाठीवर उलटवायचं. पट्ट्याला कापा देणाऱ्यांची चूक बहुतेक याच वळणावर होते. जुना फेकू नका, हात बसेपर्यंतचा बळीचा बकरा म्हणून तोच वापरा.

नागपुरात या सामानाचे हाल ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की चामडं पापडासारखं कडक होतं, तेव्हा तळहाताने चोळत राहायचं. तळहाताचं तेल पुरतं, वरून तेल ओतू नका. फायदा एकच, दाढीला पाणी तापवावं लागत नाही, गच्चीवरच्या टाकीतून नळाला कडकडीतच येतं. पावसाळ्यात उलटं. कार्बन स्टील ओलं राहिलं तर एका रात्रीत ठिपका धरतं, आणि तो धारेवर आला की दगडाशिवाय जात नाही. पुसून, मुठीच्या आतून टिश्यू फिरवून, मशीनच्या तेलाचा हात द्यायचा आणि बाथरूमबाहेर ठेवायचा. आमच्याकडे तो देवळीत असतो, पोरांच्या हाताला येणार नाही इतका वर. विमानात हँडबॅगेत नेता येत नाही, चेक-इनमध्ये टाका.

घ्यावा का? फक्त गुळगुळीत दाढीसाठी असेल तर नका घेऊ. १९०४ साली जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं ते याच कटकटीवर, आणि दोन्ही बाजूंनी धार असलेली ब्लेड दाढी उत्तम करते. इतवारीत सलूनचा माल विकतात तिथे अर्ध्या ब्लेडचा होल्डर शे-दीडशेत मिळतो, ‘आधी यावर हात बसवतो’ म्हणून पुष्कळ जण तोच नेतात. माझं मत विरुद्ध आहे. ती ब्लेड हलकी, कोपरे टोकदार, चूक झाली की लगेच चावते. जाड पाठीचा, गोल टोकाचा खरा वस्तरा शिकणाऱ्याला जास्त सांभाळून घेतो. ज्याला धार लावण्यातच मजा येते, त्याने डोळे मिटून घ्यावा. रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या आधीचा अर्धा तास कुठे जातो कळत नाही. इतर दिवशी घड्याळाकडे बघत करायचं हे काम नाही.

शेवटचं, आणि हे हात जोडून. सायकलवर चाक फिरवत गल्लीत धारवाला येतो, त्याच्याकडे वस्तरा देऊ नका. चाकाच्या ठिणग्या उडतात तिथे ती पातळ कड क्षणात तीनशे अंशांवर जाते, निळी पडते आणि पोलाद मऊ होतं. मग जगातला कुठलाही दगड ती धार आणू शकत नाही, ती निळी पट्टी पूर्ण घासून काढावी लागते, म्हणजे पातंच गेलं. त्याला कात्र्या द्या, विळी द्या, माणूस मेहनती आहे.