नवे ग्राफिक्स कार्ड आणि काळा पडदा: रत्नागिरीतील संगणक दुरुस्तीच्या एका दुकानाविषयी

रत्नागिरीत मारुती मंदिराकडून साळवी स्टॉपकडे जाताना एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर संगणक दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. मालक स्वतःच कारागीर आहेत, हाताखाली एक मुलगा असतो, आणि बसायला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. यंदा जूनमध्ये माझा संगणक चार दिवस या दुकानात होता. तिथे दोष ज्या रीतीने शोधला गेला ती रीत मला फार मोलाची वाटली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी घरांचे आराखडे आणि त्यांची त्रिमितीय चित्रे तयार करते. चिरेबंदी भिंती, मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर, भोवती माड आणि पोफळी असे दृश्य उभे केले की जीटीएक्स १०५० टीआय या माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाची (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाची) ४ जीबी मेमरी अपुरी पडत असे. म्हणून मी आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड मागवले. संगणक आय५-८४०० प्रोसेसरचा आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा होता. जुने कार्ड मदरबोर्ड या मुख्य बोर्डावरील स्लॉटमधून, म्हणजे कार्ड बसवण्याच्या खाचेतून, मिळणाऱ्या विजेवरच चालत होते, त्याला वेगळी वायर लागत नव्हती. नव्या कार्डाला आठ पिनांची जोडणी लागते आणि माझ्या एसएमपीएसला तशी वायर नव्हती. तेव्हा दोन मोलेक्सवरून (जुन्या धाटणीच्या चार पिनांच्या जोडण्यांवरून) आठ पिना काढून देणारा अडॅप्टर आणून मी कार्ड बसवले. पंखे फिरले, दिवे लागले, पण मॉनिटरवर ‘सिग्नल नाही’ एवढेच आले. पाच-सहा वेळा बंद-चालू केल्यावर एखाद्या वेळी विंडोज उघडे आणि चित्र तयार करायला लावले की काही मिनिटांत संपूर्ण संगणक एकदम बंद पडे.

आधी मी घराजवळच्या एका तंत्रज्ञांना बोलावले. त्यांनी कार्ड तसेच ठेवून मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या पोर्टला लावली, डिस्प्ले आला नाही, आणि मदरबोर्ड गेला असे सांगितले. हा निष्कर्ष का चुकीचा होता ते मला नंतर दुकानात कळले. स्लॉटमध्ये कार्ड आहे असे दिसले की अनेक मदरबोर्ड प्रोसेसरमधील ग्राफिक्स आपोआप बंद करतात, त्यामुळे बोर्ड धडधाकट असूनही त्याच्या पोर्टवर काहीच दिसत नाही. त्या सल्ल्यावर विसंबून मी बोर्ड बदलला असता तर प्रोसेसर आणि रॅमही बदलण्याची वेळ आली असती.

भाट्याच्या पुलापलीकडून, मृगाच्या पावसात, सीपीयू प्लॅस्टिकमध्ये आणि वर गोधडीत गुंडाळून रिक्षाने दुकानात नेला. मालकांनी तो लगेच उघडला नाही. आधी त्यांनी विचारले की कार्ड बसवण्यापूर्वी संगणक कसा चालत होता, डिस्प्ले न येणे रोजचे आहे की अधूनमधून, आणि बंद पडतो तो नेमके काय करताना. उत्तरे त्यांनी वहीत लिहून घेतली. मग म्हणाले, “ताई, हे दोन वेगळे आजार असू शकतात. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर आपणच फसू.” हे वाक्य पुढच्या सगळ्या कामाला लागू पडले.

पहिली चाचणी पाच मिनिटांची होती. कार्ड पूर्ण काढून मॉनिटर मदरबोर्डाला जोडला आणि विंडोज सुरळीत उघडले. प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि बोर्डाचा बहुतेक भाग एका फटक्यात संशयातून सुटला. दुसऱ्या चाचणीत माझे कार्ड दुकानातील त्यांच्या स्वतःच्या संगणकात बसवले आणि अर्धा तास पूर्ण भार देऊन चालवले. तिथे ते एकदाही अडखळले नाही. कार्ड विक्रेत्याकडे परत पाठवण्याची मुदत संपायला तीन दिवस उरले होते आणि माझा जीव त्यातच अडकला होता, म्हणून ही चाचणी त्यांनी आधी केली हे मला विशेष वाटले.

यानंतर कार्ड पुन्हा माझ्या संगणकात आले, मात्र माझ्या एसएमपीएसऐवजी दुकानातला ६५० वॅटचा लावून. सगळा दोष विजेचा असता तर येथेच प्रश्न मिटला असता. तसे झाले नाही. चार वेळा चालू केल्यावर तीनदा डिस्प्ले आला, एकदा नाही, आणि त्या एका वेळी मदरबोर्डावरील ‘व्हीजीए’ (म्हणजे ग्राफिक्स) लिहिलेला छोटा दिवा पेटून राहिला. अनेक बोर्डांवर असे चार दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट (विंडोज सुरू होणे) यांचे, आणि सुरुवातीची तपासणी जिथे अडते तिथला दिवा तेवत राहतो. माझ्या बोर्डावर ते आहेत हेही मला ठाऊक नव्हते. ज्यांच्याकडे डिस्प्ले येत नाही त्यांनी बाजूचे झाकण काढून आधी हे दिवे पाहावेत.

मालकांनी बॅटरीच्या उजेडात स्लॉट पाहिला. समुद्रकाठच्या घरात सहा-सात वर्षे राहिलेल्या त्या स्लॉटमध्ये धूळ आणि खारट ओल यांचा चिकट थर जमला होता आणि कॅबिनेटच्या मागच्या पट्टीला गंज चढला होता. आपल्याकडे रॅम किंवा कार्डाचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आहे. त्यांनी ती वापरली नाही. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो घासला की खालचा धातू उघडा पडतो आणि आपल्या हवेत तो लवकर खराब होतो, शिवाय रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो, असे त्यांनी सांगितले. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश एवढ्यावरच त्यांनी सफाई केली आणि तासभर सुकू दिले.

खरा दोष मात्र त्या गंजलेल्या पट्टीने दाखवला. ती किंचित आत वाकलेली होती. कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण दाबले की खटका लागत होता, परंतु मागचा स्क्रू आवळताना कार्डाची लोखंडी पट्टी वाकड्या कॅबिनेटला टेकून ओढली जाई आणि कार्डाचे दुसरे टोक केसभर वर उचलले जाई. मालकांनी मला जवळ बोलावून स्क्रू सैल करून आणि आवळून हे दोनदा दाखवले. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटले नसते. जुने कार्ड आखूड आणि हलके असल्यामुळे एवढी वर्षे ही वाकडी पट्टी खपून गेली होती. पक्कडीने ती सरळ केली, कार्ड पुन्हा बसवले आणि लागोपाठ दहा वेळा संगणक चालू केला. दहाही वेळा डिस्प्ले आला.

आता दुसरा आजार. त्यांनी मुद्दाम माझा जुना एसएमपीएस आणि अडॅप्टर परत जोडला. डिस्प्ले आला, पण भार दिल्यावर संगणक पूर्वीसारखाच बंद पडला. मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. आरटीएक्स ३०६० पूर्ण भारावर १७० वॅट घेते. स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो, म्हणजे निदान ९५ वॅट त्या अडॅप्टरमधून यायला हवेत, आणि १२ व्होल्टला हे सुमारे ८ अँपिअर होतात. माझ्या अडॅप्टरची दोन्ही मोलेक्स टोके एसएमपीएसमधून निघालेल्या एकाच वायरीवर लागली होती, त्यामुळे हा सगळा प्रवाह एका बारीक वायरीतून जात होता. एका मोलेक्सचे पांढरे प्लॅस्टिक पिवळट तपकिरी झालेले त्यांनी दाखवले, तेव्हा मला खरोखर भीती वाटली. मीटर लावल्यावर १२ व्होल्टच्या जागी भाराखाली ११.२ दिसत होते. ठरलेली मर्यादा पाच टक्क्यांची, म्हणजे ११.४ पर्यंतची आहे. कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने या कार्डासाठी ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केलेली आहे आणि ती मी खरेदीपूर्वी वाचायला हवी होती. आठ पिनांची स्वतःची वायर असलेला ६५० वॅटचा नवा एसएमपीएस मी तिथेच घेतला.

त्यांनी काय केले याइतकेच त्यांनी काय केले नाही तेही नोंदवण्यासारखे आहे. डिस्प्ले येत नसेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद करा, हा सल्ला मला दोघातिघांनी दिला होता. मालकांनी आधी डिस्क तपासली. ती एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली निघाली, आणि सीएसएम बंद केले असते तर विंडोज उघडलेच नसते, एका दोषाचे दोन झाले असते. विंडोजमधील एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्कची विभागणी नव्या जीपीटी पद्धतीत बदलता येते, पुढे विंडोज ११ घ्यायचे ठरले तर ते करावेच लागेल, पण आज त्याची गरज नाही आणि आधी कामाची प्रत दुसरीकडे ठेवल्याशिवाय करू नका, असे त्यांनी बजावले. आरटीएक्स ४०६० आणि ४०६० टीआय या कार्डांसाठी काही मदरबोर्डांवर सुरुवातीला काळा पडदा येण्याच्या तक्रारीवर एनव्हिडियाने फर्मवेअर (कार्डातले मूळ सॉफ्टवेअर) बदलण्याचे साधन दिलेले आहे. माझे कार्ड त्यात बसत नाही म्हणून त्यांनी त्याला हात लावला नाही.

परत नेताना त्यांनी विचारले की घरी कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का. येत होत्या, आणि मी ते कधी मनावर घेतले नव्हते. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत अर्थिंग नीट मिळणे अवघड असते, मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून वीजतंत्रज्ञाकडून ते तपासून घ्या, असा त्यांचा आग्रह होता. तपासले तेव्हा आमच्या बोर्डातली अर्थिंगची वायर सुटलेली सापडली. पावसाळ्यात काम नसले तरी संगणक रोज तासभर चालू ठेवावा, म्हणजे आतली ओल सुकते, आणि बंद केल्यावर तो गरम असताना प्लॅस्टिकचे आवरण घालू नये, हेही त्यांनी सांगितले.

तक्रारी आहेत. दुकानात संगणक जमा करताना पावती मिळाली नाही, मी मागितल्यावर साध्या कागदावर लिहून दिली, आणि त्यावर कार्डाचा अनुक्रमांक मला स्वतः लिहावा लागला. एवढी महाग वस्तू ठेवून घेताना अनुक्रमांक लिहिणे हा नियमच असायला हवा. दुपारी एक ते चार दुकान बंद असते आणि त्या वेळात फोन उचलला जात नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी माझी एक फेरी फुकट गेली. एसएमपीएसमध्ये निवडीला फक्त दोन पर्याय होते. घरी येऊन काम ते करत नाहीत. भर पावसात पावस किंवा गणेशगुळे अशा गावांहून सीपीयू घेऊन येणाऱ्याला हे जड जाईल.

तपासणी, सफाई आणि पट्टी सरळ करणे यांचे मिळून ९०० रुपये घेतले आणि एसएमपीएसचे ५,२०० वेगळे. दोन्ही आकडे काम सुरू करण्यापूर्वी सांगितले होते आणि शेवटी तेच राहिले. जुना एसएमपीएस त्यांनी मागितला नाही. त्यावर ‘ग्राफिक्स कार्डाला लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून तो मला परत दिला, आणि तो तपकिरी पडलेला अडॅप्टर मात्र माझ्यासमोर कापून टाकला. तिथे जाणाऱ्यांनी सीपीयूबरोबर मॉनिटरची केबल, घरी वापरात असलेली पॉवर केबल आणि कार्डाचे बिल नक्की न्यावे. पहिल्या दिवशी मी केबल घरी विसरले होते आणि मी ती आणेपर्यंत तपासणी पूर्ण झाली असे म्हणायला त्यांनी नकार दिला.