सामनच्या कल्ल्यांवरचा अमीबा : गोडं पाणी की हायड्रोजन पेरॉक्साइड?

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या सामन माशांच्या पालनात कल्ल्यांचा हा अमीबाजन्य रोग 1980च्या दशकापासून ठाण मांडून आहे. निओपॅरामीबा पेरुरान्स नावाचा अमीबा कल्ल्यांना चिकटतो. पेशी बेसुमार वाढून शेजारचे पापुद्रे जुळतात, पांढरट चिकट डाग दिसतात आणि मासा धापा टाकतो. डागांना 0 ते 5 गुण देतात. 2च्या आसपास गेले की माशांना औषधी आंघोळ घालायची, 4ची वाट पाहायची नाही.

गोड्या पाण्यात मासे 2-3 तास ठेवतात. खाऱ्या पाण्यातला अमीबा त्यात तग धरत नाही, माशाला मात्र फारसा त्रास होत नाही. पाणी मृदू असेल तर परिणाम जास्त. अडचण पाण्याचीच: एका पिंजऱ्याला लाखो लिटर लागतं, आणि ऑक्सिजन सतत सोडावा लागतो.

पेरॉक्साइड लिटरला साधारण 1000-1400 मिलिग्रॅम, वीसेक मिनिटं. समुद्राच्या पाण्यातच काम भागतं, म्हणून स्कॉटलंड-नॉर्वेत ते वापरात आलं. पण पाणी 13-14 अंशांवर गेलं की तेच औषध कल्ले जाळतं, आणि रोग उफाळतो तो नेमका उबदार पाण्यात! शक्य तिथे गोडं पाणीच बरं.

दोन्हींनंतर अमीबा परततोच. रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, पण ती कल्ल्यांचं फारसं रक्षण करत नाहीत. म्हणून टास्मानियात प्रतिकारक्षम वाणाच्या निवडीवर भर आहे.