साडेसहाशे रुपयांचा कमरेचा पट्टा आणि पायातून सुटणारी चप्पल

मागच्या वर्षी पोळा आटोपल्यानंतरच्या आठवड्यात आर्वीच्या एका औषधांच्या दुकानातून आम्ही कमरेचा पट्टा आणला. डॉक्टर त्याला एल. एस. बेल्ट म्हणतात, दुकानदार मणक्याचा पट्टा म्हणतो आणि आमच्या घरी त्याचे नाव नुसते ‘बेल्ट’ असे आहे. किंमत साडेसहाशे रुपये पडली. पट्टा थोरल्या बंधूंसाठी घेतला होता, पण शेतकऱ्याच्या घरात अशी वस्तू एकाची राहत नाही. वर्षभरात तो तिघांच्या कमरेला लागला आणि त्याविषयी लिहिण्याइतका अनुभव आमच्यापाशी जमा झाला. पट्टा वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. तो कोणत्या दुखण्यावर बांधावा आणि कोणत्या दुखण्यात तो बांधून घरी बसू नये, हे त्याच्या खोक्यावर कोठेही छापलेले नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती लहान नाही.

आधी वस्तूविषयी. जाड, ताणले जाणारे कापड, पाठीच्या बाजूला शिवलेल्या चार उभ्या लवचिक पट्ट्या, समोर वेल्क्रो आणि दोन्ही कुशींकडून ओढून आवळायचे आणखी दोन बंद, अशी त्याची घडण आहे. शिलाई वर्षभरात कोठे उसवली नाही. मापाची मात्र गफलत झाली. दादांच्या पँटची कंबर ३४ म्हणून आम्ही दुकानात तोच आकडा सांगितला. पण पँट बेंबीच्या खाली बसते आणि पट्ट्याचे माप बेंबीच्या पातळीवर फीत गुंडाळून घ्यायचे असते. पहिला पट्टा समोर जेमतेम मिळत होता. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी कुरकुर न करता एक माप मोठा बदलून दिला, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. पट्टा उघड्या अंगावर बांधू नये, पातळ सुती बनियनवर बांधावा. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला की त्याच्या आत घाम साचून घामोळ्यांची माळ उठते.

वेल्क्रोविषयी आमच्या भागातल्या गिऱ्हाइकांसाठी एक वेगळी सूचना आहे, कारण पट्टा बनवणाऱ्याने कापसाचे वावर पाहिले नसावे. वहिनींनी वेचणीला जाताना पट्टा बांधला. पऱ्हाटीच्या ओळीतून कमरेला ओटी बांधून वाकत जायचे, बोंडातला कापूस ओढून ओटीत टाकायचा. त्यातला प्रत्येक सुटा तंतू वेल्क्रोच्या काट्यांत जाऊन बसतो. आठ दिवसांत काट्यांवर पांढरा नमद्यासारखा थर चढला आणि पट्टा मधेच ‘चर्र’ करून उघडू लागला. संध्याकाळी चुलीजवळ बसून सुईने एकेक तंतू उपसून काढला तेव्हा तो पुन्हा धरू लागला. वेचणीला जाताना वेल्क्रोवरून जुन्या कापडाची पट्टी गुंडाळली की हा त्रास राहत नाही.

आता गुणाविषयी. हा पट्टा पोटावर दाब ठेवून कमरेला बाहेरून आधार देतो आणि माणसाला झटकन वाकण्यापासून अडवतो. यापलीकडे त्याच्यात काही जादू नाही. उसण भरली, गोणी उचलताना कंबर लचकली, दिवसभर निंदण करून पाठ आखडली, अशा वेळी दोन-चार दिवस उठबस करायला त्याचा धीर वाटतो. कंबरदुखीच्या दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांमध्ये दुखण्यामागे एखादा ठरावीक आजार सापडत नाही, आणि असे अचानक उद्भवलेले दुखणे बहुतेकांचे सहा आठवड्यांच्या आत ओसरते. म्हणूनच आमच्याकडे पायाळू माणसाची लाथही गुणकारी ठरते, तेलाची मालीशही ठरते आणि पट्टाही ठरतो. दुखणे आपल्या पायांनी निघून जात असते आणि श्रेय जो शेवटी हाताशी असेल त्याला मिळते. खरा प्रश्न दहाव्या माणसाचा आहे. आमच्या घरातला तो दहावा माणूस म्हणजे दादा.

फवारणीचे दिवस होते. पाठीवरच्या पंपात १६ लिटर पाणी मावते, म्हणजे पंपासकट ओझे वीस किलोच्या वर जाते, आणि ते भरून उचलताना माणूस एका अंगाने वाकलेला आणि वळलेला असतो. तशाच एका वळणात दादांच्या कमरेत चमक भरली. पट्टा आणला, बांधला, तिसऱ्या दिवशी त्यावरच पंपाचे पट्टे चढवून ते पुन्हा वावरात गेले. पंधरवड्याने दुखणे कमरेतून उजव्या कुल्ल्यात, मांडीच्या मागच्या बाजूने गुडघ्याखाली पोटरीपर्यंत उतरले आणि खोकला किंवा शिंक आली की पायात कळ जाऊ लागली. आम्ही त्याला ‘नस दबली’ असे नाव दिले आणि पट्टा आणखी एक बोट आवळला. दसऱ्याच्या सुमारास कंबर बरीच मोकळी झाली. घरात सर्वांना बरे वाटले. त्याच आठवड्यात धुऱ्यावरून परत येताना दादा एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असे घरी पोहोचले. वहिनींनी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘चप्पल सुटते वो पायातली, मले समजतच नाही.’’ आम्ही हसलो, आणि नवी, मागून पट्टा असलेली चप्पल आणायचे ठरवले.

त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण पट्ट्याच्या खोक्यावर छापायला हवे होते ते वाक्य हेच होते. पायातून चप्पल सुटणे आणि ती सुटल्याचे न कळणे, याचा अर्थ पंजा वर उचलून धरणारे स्नायू दुबळे होत आहेत आणि तळपायाची जाणीवही कमी होत आहे. कंबरेचे दुखणे कमी झाले म्हणजे मज्जातंतूवरचा दाब कमी झाला, असे नसते. दुखणे उतरत असताना पायाची ताकदही उतरत असेल तर ती सुधारणा नसून बिघाड असतो. पट्ट्याने आमची फसवणूक केली नाही, पण तो बांधल्यामुळे कमरेकडे लक्ष राहिले आणि पायाकडे कोणी पाहिलेच नाही.

सेवाग्राम आणि सावंगी ही दोन मोठी रुग्णालये आमच्या तालुक्यातून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर आहेत, हे आमचे नशीब. त्यांपैकी एका ठिकाणी एका तरुण डॉक्टरांनी तपासणी केली. त्यांनी यंत्राकडे पाठवण्याआधी दादांना अनवाणी चालायला लावले. आधी चवड्यांवर, मग टाचांवर. चवड्यांवर दादा नीट चालले. टाचांवर उभे राहताच डावा पंजा वर उचलला गेला आणि उजवा पंजा फरशीवर पडून राहिला. दादा त्याच्याकडे असे पाहत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा पाय आहे. नंतर डॉक्टरांनी दार ओढून घेतले आणि खालच्या आवाजात विचारले, ‘‘काका, लघवी साफ होते का? संडासहून आल्यावर धुताना हाताचा स्पर्श कळतो ना?’’ असा प्रश्न आम्हाला आजवर कोणी विचारला नव्हता, आणि कोणी विचारला असता तर तो कंबरदुखीशी जोडण्याचे आम्हाला सुचलेही नसते.

त्यांनी कारण समजावून सांगितले. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि तेथून खाली घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुबका उतरतो. दोन मणक्यांमधली चकती बाहेर सरकून त्यांपैकी एका तंतूवर बसली तर एका पायात कळ, मुंग्या किंवा दुबळेपणा येतो. ती पूर्ण झुबक्यावर बसली तर दोन्ही पाय, लघवी, शौच आणि खोगिराला टेकणाऱ्या भागाची संवेदना, सगळेच धोक्यात येते. लघवी अडली, किंवा ती झाल्याचेच कळेनासे झाले, मांड्यांच्या आतली बाजू आणि गुदद्वाराभोवतीची जागा बधिर झाली, तर सकाळची एस. टी. पकडायची नसते, त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठायचे असते. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया २४ ते ४८ तासांत व्हावी असा प्रयत्न असतो, कारण त्यानंतर लघवीवरचा ताबा परत येण्याची आशा कमी होत जाते. दादांचे तेवढे बिघडले नव्हते. एम. आर. आय.मध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकलेली दिसली, दिवाळीआधी शस्त्रक्रिया झाली आणि होळीपर्यंत पंजा बराचसा उचलू लागला. अंगठा अजून पूर्ण उचलत नाही.

आणखीही काही दुखणी आहेत ज्यांच्यावर हा पट्टा बांधणे म्हणजे गळत्या कौलाखाली सतरंजी घालणे आहे. कंबर किंवा पाठ दुखते, सोबत संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक मेली आहे, वजन उतरते आहे, रात्री घाम सुटतो, तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्यावा. क्षयरोग म्हणजे खोकला, ही समजूत येथे घात करते, कारण मणक्याच्या क्षयात खोकला नसूही शकतो. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, ती वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावी लागतात आणि त्या काळात आहारासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झाली आहे. पडून राहिल्यावरही न थांबणारे, झोपेतून उठवणारे दुखणे, आणि पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी कंबरदुखी, यांनाही दुकानाआधी डॉक्टर दाखवावा. याउलट पंचविशी-तिशीतला मुलगा सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ ताठ झाल्याचे सांगतो आणि हिंडल्यावर मोकळा होतो, तर त्याला आळशी म्हणू नये. तो सांध्यांचा, मणक्यांच्या सुजेचा आजार असू शकतो आणि त्याची औषधे वेगळी असतात.

पट्ट्याच्या जाहिरातीत ‘मणक्याच्या सर्व विकारांवर उपयुक्त’ असे लिहिलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसंबंधी पहिली मार्गदर्शिका काढली, तीत नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत अशा गोष्टींमध्ये कमरेच्या पट्ट्यांचा उल्लेख आहे. व्यायाम, माहिती आणि हालचाल यांना तीत वरचे स्थान आहे. दादांच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनीही हेच सांगितले, फक्त जरा मवाळपणे: जड काम करताना घटकाभर बांधा, रात्री काढा, आणि बांधला म्हणून जास्तीचे ओझे उचलू नका. त्या शेवटच्या वाक्यावर दादांनी माझ्याकडे पाहिले. पट्टा आल्यावर युरियाची ४५ किलोची गोणी एकट्याने उचलून त्यांनी मला ‘पाहा, बेल्टचा दम’ म्हणून दाखवले होते.

तेव्हा वस्तू म्हणून मी या पट्ट्याला पाचांपैकी तीन गुण देतो: शिलाईचा एक, आधाराचा एक आणि न कुरकुरता बदलून देणाऱ्या दुकानदाराचा एक. वेल्क्रोचा गुण कापसाने खाल्ला आणि खोक्यावरच्या बढाईचा मी कापला. पट्टा सध्या ओसरीतल्या खुंटीवर आहे. परवा अंगणात सारवताना घसरून बसल्यापासून आईची कंबर दुखते आहे. तिने खुंटीकडे बोट दाखवले. साठी उलटलेल्या बाईचा मणका साध्या पडण्यानेही दबू शकतो, म्हणून आधी एक्स-रे काढू, असे मी सांगत होतो, तेवढ्यात दादांनी आपले नवे ज्ञान बाहेर काढले आणि तिला टाचांवर चालून दाखवायला सांगितले. आई म्हणाली, ‘‘आंधी मले धर, मंग चालतो.’’ तिला तसे चालू न देता आम्ही खाटेवर निजवले, गाडी सांगितली आणि पट्टा खुंटीवरच ठेवून आर्वीला एक्स-रे काढायला नेले.