हवेचा पॅडलबोर्ड आणि आमचा मामा तलाव : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी हवा भरून वापरायचा पॅडलबोर्ड, म्हणजे पाण्यावर उभे राहून वल्हवायची फळी, ऑनलाइन मागवला. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील आमच्या गावच्या मामा तलावात, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या माजी मालगुजारी तलावात, तो वापरून आता वर्ष पूर्ण झाले आहे. जवळपास एकाच बनावटीचे असे बोर्ड बाजारात अनेक नावांनी विकले जातात, त्यामुळे नावापेक्षा मापे सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल. माझा बोर्ड साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद आणि ६ इंच जाड आहे. त्याचे वजन सुमारे ९ किलो असून वल्हे, पंप, पायाला बांधायची दोरी आणि पाठीवरची पिशवी धरून त्याला २८,००० रुपये लागले. लाइफ जॅकेट वेगळे घ्यावे लागले, आणि पोहता येत असले तरी ते घेतल्याशिवाय बोर्ड पाण्यात उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवेचा बोर्ड माणसाच्या वजनाने मध्येच वाकेल, अशी मला शंका होती. प्रत्यक्षात वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो धागे आत ताणलेले असतात आणि १२ ते १५ पीएसआय दाब भरला की बोर्ड लाकडी फळीसारखा टणक होतो. तो दाब भरणे मात्र कष्टाचे आहे, कारण ८ पीएसआयच्या पुढे पंपाचा दांडा प्रत्येक वेळी अंगाचे वजन टाकूनच खाली जातो. आपल्याकडच्या उन्हात आणखी एक काळजी घ्यावी लागते. उन्हाने आतली हवा तापून दाब वाढतो, म्हणून बोर्ड काठावर ठेवायचा असेल तर सावलीत ठेवावा किंवा थोडी हवा सोडून द्यावी.

वस्तू चांगली आहे. पण ती वर्षभर वापरात राहील की माळ्यावर जाईल, हे आपण शिकण्याकडे कसे पाहतो यावर ठरते, आणि खरेदीपूर्वी मला हे कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. पहिल्या आठवड्यात मी गुडघ्यांवर बसूनच वल्हवत होतो. उभा राहिलो की नजर आपोआप पावलांकडे जायची आणि तोल सुटायचा. तलावात जाळे टाकणारे, मासेमार ढिवर समाजातले एक वयस्क काका दोन-तीन दिवस हे पाहत होते. ते स्वतः अरुंद डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, उभे राहून बांबूने डोंगा हाकतात. ते म्हणाले, “गुरुजी, पायाकडे कायले पाहता? समोरच्या पाळीकडे पाहा न.” पाय खांद्यांइतके अंतर ठेवून, गुडघे किंचित सैल सोडून मी समोरच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नजर ठेवली आणि त्याच सकाळी पहिल्यांदा न पडता पाच मिनिटे उभा राहिलो.

दुसऱ्या महिन्यात मी एक चूक केली. पाळीपासून पलीकडच्या काठापर्यंत रोज आधीपेक्षा कमी वेळात पोहोचायचे, असे मी ठरवले. वारा उलट असला की वेळ वाढे, वेळ वाढला की मन खट्टू होई, आणि जानेवारीत तर सलग बारा दिवस पिशवी उघडलीच नाही. पुन्हा सुरुवात केली तेव्हा घड्याळ घरी ठेवले आणि रोज एकच गोष्ट पाहायची असे ठरवले. कधी वल्ह्याचे पाते पूर्ण बुडाल्याशिवाय ओढायचे नाही, कधी पाते घोट्याजवळ येताच बाहेर काढायचे, कधी कमकुवत डाव्या बाजूने उजवीइतकेच वल्हवायचे. पाण्यात उतरल्यावर आधी मुद्दाम बोर्डापासून दूर पडायचे, पाय हलवत मधल्या पट्ट्याला धरून पुन्हा वर चढायचे, हाही नेम केला. पडण्याची भीती गेली तसे गुडघे खरोखर सैल झाले, आणि तोल सुधारला तो त्यानंतरच. काही सकाळी सराव अजिबात न करता मी बोर्डावर बसून अडई बदकांचे थवे पाहतो. अशा सकाळींमुळेच दुसऱ्या दिवशी पुन्हा यावेसे वाटते, म्हणून त्या मी वाया गेल्या असे मानत नाही.

तलाव निवडताना मच्छीमार संस्थेला विचारून, जाळी आणि शिंगाड्याचे वेल सोडूनच बोर्ड फिरवावा. पावसाळ्यात सलंगावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडते त्या सांडव्यावरून, पाणी वाहत असताना त्या बाजूला जाऊ नये आणि तुडुमापासूनही, म्हणजे शेतीला पाणी सोडायच्या दारापासूनही, दूर राहावे. सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करावी, म्हणजे थकल्यावर परत येताना वारा मदत करतो. मे महिन्यात पाणी इतके उतरते की बोर्डाखालचा पंख गाळात रुततो, तेव्हा तो आखूड लावावा किंवा पावसाची वाट पाहावी.

तक्रार एकच, पण मोठी आहे. वल्ह्याची उंची पक्की करणारी प्लास्टिकची पकड चौथ्या महिन्यात तुटली आणि विक्रेत्याने माझ्या तीन पत्रांना उत्तर दिले नाही. शेवटी साकोलीच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून लोखंडी पट्टा बसवून घेतला आणि तो अजून टिकून आहे. घेताना ही पकड धातूची आहे का, हे आधी विचारावे. वल्हे आपल्या उंचीपेक्षा साधारण वीतभर जास्त ठेवता येते का, हेही पाहावे.

घराजवळ तलाव असेल आणि आठवड्यातून तीन सकाळी देता येत असतील, तर मी हा बोर्ड घ्या असेच सांगेन. वर्षातून दोनदा सहलीपुरता हवा असेल, तर एवढा खर्च करण्यापेक्षा भाड्याने मिळेल तिथे जावे. सध्या मी दोन पावले मागे सरकून, बोर्डाचे नाक पाण्यातून उचलून जागच्या जागी वळायला शिकत आहे. डावीकडे जमू लागले आहे, उजवीकडे अजून पाण्यात पडतो.